भातुकलीतून उभं राहिलेलं विद्यापीठ

१. येणं आणि शिकवता येणं

बी.एड.चा विषय निघाला की घरोघर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ज्याला गणित येतं तो गणित शिकवेल, ज्याला इतिहास येतो तो इतिहास शिकवेल. मग मास्तर होण्यासाठी वेगळं कॉलेज कशाला? आणि त्यासाठी चक्क विद्यापीठ?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका पाटीवर शोधू. पाचवीतल्या मुलीनं लिहिलंय : १/२ + १/३ = २/५. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. उत्तर चुकलंय हे गणित येणाऱ्या कुणालाही दिसतं. तो फुली मारेल, लसावि काढायला सांगेल आणि ५/६ हे उत्तर लिहून देईल. मुलगी ते उतरवून घेईल आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा तेच करेल.

शिकवता येणारा माणूस फुली मारण्याआधी थांबतो. ही चूक आळसानं झालेली नाही, तिच्यामागे मुलीचा स्वतःचा एक नियम आहे, हे त्याला ठाऊक असतं. आजवरच्या प्रत्येक बेरजेत तिनं एकाच ओळीतले आकडे मिळवले होते. तोच नियम तिनं इथेही लावला. मग तो विचारतो, "तुझ्या ताटात अर्धी भाकरी आहे. मी तुला आणखी एक तुकडा वाढला, भाकरीचा तिसरा हिस्सा. आता ताटात अर्धीपेक्षा जास्त भाकरी झाली की कमी?" जास्त, ती म्हणते. "आणि भाकरीचे पाच सारखे तुकडे करून त्यांतले दोन घेतले, तर ते अर्धीपेक्षा जास्त की कमी?" मुलगी पाटीकडे बघते. वाढून घेतल्यावर भाकरी कमी कशी झाली? पाटी ती आपली आपणच पुसते.

पहिल्या माणसाला गणित येत होतं. दुसऱ्याला गणित तर येत होतंच, शिवाय गणित शिकताना मूल नेमकं कुठे अडतं हेही माहीत होतं. हे दुसरं ज्ञान एका माणसाच्या अनुभवावर भागत नाही. ते अनेक वर्गांतून गोळा करावं लागतं, लिहून ठेवावं लागतं, तपासावं लागतं आणि पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यावं लागतं. हे काम जिथे चालतं ती जागा म्हणजे अध्यापक विद्यापीठ. गोळा झालेलं जिथे साठवतात ती जागा म्हणजे तिथलं ग्रंथालय. या प्रकरणात अशा एका जागेची गोष्ट पाहायची आहे : न्यूयॉर्कचं टीचर्स कॉलेज.

२. सुताराचा गुण्या

त्याआधी एका जुन्या शब्दाची ओळख करून घेऊ. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला आणि पुण्याला अध्यापनाचं शिक्षण घेतलं, त्या काळात शिक्षक घडवणाऱ्या शाळेला 'नॉर्मल स्कूल' म्हणत. हा शब्द फ्रान्समधून आला. राज्यक्रांतीनंतर, १७९४ मध्ये, पॅरिसला 'एकोल नॉर्माल' स्थापण्याचा ठराव झाला. मूळ लॅटिन शब्द 'नॉर्मा', म्हणजे सुताराचा गुण्या. चौकट काटकोनात बसली की नाही, हे सुतार गुण्या लावून पाहतो. बाकीच्या शाळांनी जिच्याकडे बघून आपला काटकोन तपासायचा, ती नॉर्मल शाळा.

अमेरिकेतली पहिली सरकारी नॉर्मल स्कूल १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला उघडली. पहिल्या दिवशी तीन मुली आल्या होत्या. पुढे अशा शाळा वाढल्या, पण त्यांची झेप प्राथमिक शिक्षक तयार करण्यापुरती होती. अध्यापन हा विद्यापीठात अभ्यासण्याचा विषय आहे, असं मोठ्या विद्यापीठांना वाटत नव्हतं. टीचर्स कॉलेजनं बदललं ते हे.

३. न्यूयॉर्कमधली भातुकली

गोष्टीची सुरुवात प्राध्यापकांपासून होत नाही. ती होते ग्रेस हॉडली डॉज या तरुणीपासून. तिचा जन्म १८५६ चा, घराणं तांब्याच्या व्यापारातलं, बक्कळ श्रीमंत. ती स्वतः कॉलेजात गेलेली नव्हती.

न्यूयॉर्कच्या चाळवजा वस्त्यांत तेव्हा युरोपातून आलेली गरीब कुटुंबं दाटीवाटीनं राहत. तिथल्या लहान मुलींना घरकाम शिकवण्याची एक गोड युक्ती एमिली हंटिंग्टन नावाच्या बाईंनी काढली होती. जर्मनीच्या फ्रोबेलनं बालवाडीला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग म्हटलं होतं. त्यावरून हंटिंग्टनबाईंनी आपल्या वर्गाला नाव दिलं 'किचन गार्डन'. छोट्या ताटल्या, छोटे झाडू, छोटे पलंग. गाणी म्हणत ताटं मांडायची, अंथरूण घालायचं. आपण याला एकच शब्द वापरू : भातुकली. १८८० मध्ये डॉजबाईंनी या भातुकलीच्या प्रसारासाठी 'किचन गार्डन असोसिएशन' काढली. चारच वर्षांत तिचं रूप पालटलं आणि ती 'इंडस्ट्रियल एज्युकेशन असोसिएशन' झाली. आता मुलींबरोबर मुलगेही आले, स्वयंपाक-शिवणाबरोबर सुतारकाम आणि चित्रकलाही आली. १८८६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळावर पहिल्यांदाच दोन स्त्रिया नेमल्या गेल्या. त्यांतल्या एक ग्रेस डॉज होत्या.

अडचण एकच होती. वर्ग वाढले, पण शिकवणार कोण? हातांनी काम करता येणारी माणसं होती, ते काम मुलांना शिकवता येणारी नव्हती. पुन्हा तोच भाकरीचा प्रश्न! इथे निकोलस मरे बटलर हा कोलंबिया विद्यापीठातला तरुण तत्त्वज्ञ डॉजबाईंना भेटला. मुलांना शिकवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा शिक्षक घडवा, असा त्याचा आग्रह होता. १८८७ मध्ये शिक्षक घडवणारी शाळा निघाली. बटलर तिचा पहिला अध्यक्ष झाला आणि सरावासाठी होरेस मान ही शाळा शेजारीच उघडली. आपल्याकडचे बी.एड.चे विद्यार्थी पाठ-टाचण काढून शेजारच्या शाळेत सराव पाठ घेतात, त्याचाच हा मोठा अवतार. १८९२ मध्ये संस्थेचं नाव 'टीचर्स कॉलेज' झालं. जॉर्ज व्हँडरबिल्ट यांनी शहराच्या उत्तरेला १२०व्या रस्त्यावर जमीन दिली आणि १८९४ मध्ये कॉलेज तिथे राहायला गेलं.

४. जगातला सर्वांत रुंद रस्ता

टीचर्स कॉलेज कोलंबिया विद्यापीठाला जोडावं, ही कल्पना बटलरच्या मनात पहिल्यापासून होती. कोलंबियाचे विश्वस्त तयार होत नव्हते. अध्यापन हा कॉलेजात शिकण्याचा विषय आहे का, ही एक शंका. दुसरं कारण असं की, शिक्षक घडवायचे म्हटले की बायका येणार, आणि बायका वर्गात नकोत.

गंमत वाटेल, पण त्याच १८८७ मध्ये त्याच कोलंबियात दुसरं एक भांडण याच कारणावरून चालू होतं. तिथले ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी ग्रंथपाल घडवणारी पहिली शाळा काढली. वीस विद्यार्थी आले, त्यांत सतरा स्त्रिया. विश्वस्तांनी वर्गखोली नाकारली, तेव्हा अडगळीची एक खोली साफ करून वर्ग सुरू झाले. दोनच वर्षांत ती शाळा ड्यूईंबरोबर ऑल्बनीला गेली. (याच ड्यूईंची स्त्री सहकाऱ्यांशी वागणूक वाईट होती आणि ज्यूंविषयीचे त्यांचे विचारही, म्हणून अमेरिकन ग्रंथालय संघानं २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्यांचं नाव काढलं. त्यांच्या कामाचं मोल सांगताना हेही सांगायला हवं.) एकाच शहरात, एकाच वर्षी शिक्षक आणि ग्रंथपाल या दोन पेशांची रीतसर शाळा सुरू झाली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. दोघांचं काम एकच : एकाजवळ असलेलं दुसऱ्याला मिळेल अशी सोय करणं.

टीचर्स कॉलेज कोलंबियाला १८९८ मध्ये जोडलं गेलं, पण आपले विश्वस्त आणि आपली तिजोरी वेगळी राखून. कोलंबियाची मुख्य वास्तू आणि टीचर्स कॉलेज यांच्यामध्ये फक्त १२०वा रस्ता आहे. 'हा जगातला सर्वांत रुंद रस्ता' असं तिथे म्हणत आले आहेत. विद्वान आणि शिक्षक यांच्यातलं अंतर त्या म्हणीत उतरलं आहे.

त्याच वर्षी जेम्स अर्ल रसेल डीन झाले आणि १९२७ पर्यंत राहिले. त्यांच्या काळात कॉलेज जगभर माहीत झालं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मुलं शिकतात कशी हे मोजायला घेतलं, विल्यम किलपॅट्रिक यांनी 'प्रकल्प पद्धती' मांडली. आज आपल्या मुलांना शाळेतून जे 'प्रोजेक्ट' मिळतात, त्यांचा एक धागा किलपॅट्रिक यांच्या १९१८ च्या निबंधापर्यंत जातो. परिचारिकांना शिकवण्याचं शास्त्रही इथेच रुजलं. मेरी ॲडलेड नटिंग १९०७ मध्ये इथे प्राध्यापक झाल्या. नर्सिंगच्या त्या जगातल्या पहिल्या प्राध्यापक.

५. एकच गणित, दोन कपाटं

आता ग्रंथालयात शिरू. त्यासाठी एक छोटी किल्ली हवी, आणि ती आपल्या गावच्या ग्रंथालयातही चालते. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला आकडा तुम्ही पाहिला असेल. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये ही दशांश वर्गीकरणाची पद्धत छापली. सगळ्या ज्ञानाचे दहा मोठे खण, प्रत्येक खणात दहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात पुन्हा दहा. मसाल्याच्या डब्यात हळदीची वाटी ठरलेली असते, तसा प्रत्येक विषयाचा आकडा ठरलेला.

गणिताचा आकडा ५१०. शिक्षणाचा ३७०. शिक्षकांविषयीची पुस्तकं ३७१.१ मध्ये, प्राथमिक शिक्षणाची ३७२ मध्ये. लहान मुलांना गणित कसं शिकवावं, याची पुस्तकं ३७२.७ मध्ये बसतात. म्हणजे अपूर्णांक ५१०च्या कपाटात आहेत आणि ३७२.७च्या कपाटातही. पहिल्यात १/२ + १/३ चं उत्तर ५/६ का येतं ते सापडेल. मुलीनं २/५ का लिहिलं, हे दुसऱ्यात. सुरुवातीचा प्रश्न या दोन आकड्यांत मावतो.

साधारण विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुसरं कपाट लहान असतं. अध्यापक विद्यापीठात ते पूर्ण इमारत होतं.

६. त्या इमारतीत असतं काय?

टीचर्स कॉलेजच्या ग्रंथालयाचं जुनं नाव ब्रायसन ग्रंथालय. १९२४ मध्ये रसेल यांच्या नावानं रसेल हॉल ही इमारत खास त्यासाठी उभी राहिली. आज त्याच वास्तूत ते गॉट्समन ग्रंथालय म्हणून चालतं. अभ्यासाच्या जागा, गटानं बसून काम करण्याच्या खोल्या, संगणक, खाली चहा-कॉफीची सोय, हे सगळं तिथे आहे. पण ते आता कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात मिळतं, त्यावर रेंगाळत नाही. वेगळेपण आहे ते जपलेल्या वस्तूंमध्ये.

तिथे जुनी शालेय पुस्तकं आहेत. निरनिराळ्या ठिकाणचे अभ्यासक्रम आहेत. हार्वी डार्टन या इंग्रज संग्राहकानं जमवलेली इंग्लंडमधली जुनी बालपुस्तकं आहेत. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाची जुनी दप्तरं कित्येक वर्षं याच ग्रंथालयानं सांभाळली. नंतर ती शहराच्या अभिलेखागारात गेली. विद्यार्थ्यांचे प्रबंध १९०५ पासून मालिकेच्या रूपानं छापले गेले, आणि मालिका संपेपर्यंत त्यांची संख्या नऊशेच्या वर गेली. चीनचे ग्वो बिंगवेन यांचा चिनी सार्वजनिक शिक्षणावरचा प्रबंध त्यांतलाच. कॉलेजची जुनी कागदपत्रं, छायाचित्रं आता ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या पाहता येतात.

असल्या साठ्याचा उपयोग काय? थॉर्नडाइक यांचं एक काम पाहा. मुलांच्या वाचनपुस्तकात कोणते शब्द घालावेत? पुस्तक लिहिणारा आपल्या अंदाजानं घालतो. थॉर्नडाइक यांनी अंदाज सोडला. मुलांची पुस्तकं, बायबल, अभिजात साहित्य, वर्तमानपत्रं, पत्रं असा मोठा ढीग समोर घेतला आणि कुठला शब्द किती वेळा, किती ठिकाणी येतो ते मोजवून घेतलं. संगणक नव्हता, सगळं हातानं. १९२१ मध्ये त्यातून दहा हजार शब्दांची यादी छापली गेली. एखादा शब्द मुलाला वारंवार भेटणार की क्वचित, हे त्या यादीत बघून शिक्षक ठरवू लागले. समोर पुस्तकांचा साठा नसता तर मोजणार काय?

पण मला सर्वांत जास्त मोह पडतो तो डेव्हिड यूजीन स्मिथ यांचा. ते टीचर्स कॉलेजात गणित शिकवण्याचे प्राध्यापक होते. गणित कसं शिकवावं हे कळायचं असेल तर जगानं ते आजवर कसं शिकवलं हे पाहायला हवं, या ओढीनं ते देशोदेशी फिरले. भारतातही आले. अंकगणिताची जुनी पुस्तकं, गणिताची उपकरणं आणि संस्कृतमधल्या गणित-ज्योतिषाच्या पोथ्याही त्यांनी जमवल्या. १९११ मध्ये लुईस कार्पिन्स्की यांच्याबरोबर त्यांनी हिंदू-अरबी अंकांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. आपण आज सगळीकडे वापरतो ते दहा अंक भारतातून अरबांकडे आणि तिथून युरोपात कसे गेले, याची ती कहाणी आहे. १९३१ मध्ये त्यांनी आपला संग्रह कोलंबियाला देऊन टाकला. पुस्तकंच अकरा हजारांवर होती.

स्मिथ यांचे मित्र जॉर्ज आर्थर प्लिम्प्टन शालेय पुस्तकांचे प्रकाशक होते. त्यांनाही जुन्या शालेय पुस्तकांचा नाद. त्यांच्या संग्रहातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे तळहातात मावेल एवढी मातीची एक पाटी. ती बॅबिलोनियातली, सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीची. तिच्यावर आकड्यांच्या पंधरा ओळी आहेत. पहिल्याच ओळीत ११९ आणि १६९ ही जोडी येते. ११९चा वर्ग १४,१६१. १२०चा वर्ग १४,४००. दोन्हींची बेरीज २८,५६१, आणि तो बरोबर १६९चा वर्ग. म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या बाजू, पायथागोरसच्या हजारभर वर्षं आधी! अकराव्या ओळीत ४५ आणि ७५ आहेत. तिसरी बाजू ६०. पंधरानं भागा : ३, ४, ५. आपल्याकडे आजही पाया आखताना गवंडी दोरीनं हेच माप धरतो.

ही पाटी कशासाठी लिहिली असेल, यावर पुष्कळ वाद झाले. एलिनॉर रॉब्सन या अभ्यासिकेनं मांडलेलं मत मला पटतं. त्यांच्या मते ही शिक्षकाची यादी असावी. विद्यार्थ्यांना उदाहरणं घालायची, उत्तरं नीट पूर्ण यायला हवीत, म्हणून कुणा पंतोजीनं आधीच जुळणारे आकडे काढून ठेवले. आपले शिक्षक आजही परीक्षेच्या आदल्या रात्री तेच करतात. तीन हजार आठशे वर्षांपूर्वीचं हे पाठ-टाचण कुणी फेकून दिलं नाही, म्हणून आपल्याला दिसतं. प्लिम्प्टन यांनी ते १९३६ मध्ये कोलंबियाला दिलं आणि आज ते तिथल्या दुर्मीळ ग्रंथांच्या विभागात आहे.

७. बडोद्याहून फुटलेल्या दोन वाटा

या गोष्टीचा एक धागा आपल्या मातीतला आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलं शाळेत आली, वाचायला शिकली, पण शाळा सुटल्यावर वाचायला पुस्तक नसेल तर शिकलेलं विसरायला किती वेळ लागतो? अमेरिकेत जाऊन आलेल्या महाराजांनी याचं उत्तर ग्रंथालयांत शोधलं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं. १९११ मध्ये तिथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग निघाला, भारतातला पहिला. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या खेडोपाडी फिरू लागल्या.

दुसरी वाट उलट दिशेनं गेली. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. ते टीचर्स कॉलेजचे विद्यार्थी नव्हते. त्यांचे विषय अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास. पण तिथे त्यांनी जॉन ड्यूई यांचे वर्ग केले. (हे ड्यूई वेगळे, मेल्विल यांच्याशी त्यांचा संबंध नाही.) जॉन ड्यूई कोलंबियात तत्त्वज्ञान शिकवत आणि रस्ता ओलांडून टीचर्स कॉलेजातही. लोकशाही ही मतपेटीत संपत नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे आणि तिची घडण शाळेत होते, हा त्यांचा विचार. तो मांडणारं त्यांचं पुस्तक १९१६ मध्ये आलं, त्याच वर्षी आंबेडकरांनी न्यूयॉर्क सोडलं. वीस वर्षांनी 'जातिसंस्थेचं उच्चाटन' लिहिताना बाबासाहेबांनी ड्यूईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून, ऋण मान्य करत केला. पुढे दादरला त्यांनी 'राजगृह' बांधलं ते पुस्तकं मनात धरून. ५ जून १९५२ रोजी कोलंबियानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. चारच दिवस आधी, १ जूनला, त्याच शहरात जॉन ड्यूई वारले होते. गुरु-शिष्यांची ती भेट राहूनच गेली.

८. सत्तावीस की वीस सात?

आता घरी परत येऊ. २०१९ मध्ये 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. मागचं कारण समजून घेण्यासारखं होतं. २७ लिहिताना आपण आधी दोन लिहितो, मग सात. बोलताना मात्र आधी 'सत्ता' म्हणतो, मग 'वीस'. लहान मूल ऐकतं त्या क्रमानं लिहितं आणि ७२ लिहून बसतं. कन्नड, तेलुगू, तमिळ मुलांना ही अडचण येत नाही, कारण त्या भाषांत दशक आधी बोलतात.

बाजू कुठलीही घ्या. या प्रश्नाचा निकाल लावायला काय लागेल? शंभर वर्षांत मराठी मुलांना संख्या कशा शिकवल्या, हे पाहावं लागेल. जुन्या अंकलिप्या लागतील. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेणाऱ्या शाळांतली पुस्तकं लागतील. मास्तरांची टाचणं लागतील, मुलांच्या वह्या लागतील. त्या वादात ही पुस्तकं समोर ठेवून बोलणारा आवाज मला फारसा ऐकू आला नाही. आपण कवितासंग्रह जपतो, पोथ्या जपतो. पाठ्यपुस्तक मात्र परीक्षा संपली की रद्दीत जातं. आपल्या अध्यापक विद्यालयांच्या ग्रंथालयात मार्गदर्शिका आणि प्रश्नसंच भरपूर असतात. आजोबांच्या शाळेतलं वाचनपुस्तक मात्र क्वचितच.

तुमच्या माळ्यावर जुनी अंकलिपी, तालुक्याच्या शाळेतलं एखादं भूगोलाचं पुस्तक, निवृत्त शिक्षिका असलेल्या आजीची टाचणवही असेल, तर ती रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या अध्यापक विद्यालयाच्या ग्रंथपालांना दाखवा. पुस्तकावर नाव, शाळा, इयत्ता आणि साल घातलेलं नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आतल्या पानावर लिहा. आणि समासात कुणा मुलानं पेन्सिलीनं उदाहरण सोडवून चुकवलेलं असेल, तर ते कृपया खोडू नका.